पुढची सतरंजी

रविवारी आमच्या घरी भात भल्या सकाळीच चुलीवर चढायचा. बाबा रात्रपाळीहून यायच्या आत आई वरण शिजवून निखाऱ्यावर सरकवून ठेवायची, मला ओढत मोरीवर न्यायची आणि माझ्या केसांना इतकं तेल चोपडायची की ते कानामागून ओघळायचं. "चाल व सरू, वेणी घाल लवकर. पुढची जागा गेली तं मंग मागं बसा लागते," हे तिचं दर रविवारचं पालुपद. उपासना सुरू व्हायच्या कितीतरी आधी आम्ही तिघं गोदामात हजर असायचो आणि पाळकसाहेबांच्या टेबलासमोरच्या पहिल्या सतरंजीवर, अगदी मधोमध, बसकण मारायचो. मागून येणारी माणसं आमच्याकडे बघून म्हणायची, देवाच्या घरी यावं तर यांच्यासारखं. ते ऐकून माझी मान आपोआप ताठ व्हायची. उशिरा येणाऱ्यांची मला भारी चीड. देवाला भेटायला येता आणि दारात चपला काढेपर्यंत अर्धं गीत होऊन जातं, म्हणजे काय! असं मी घरी आल्यावर तावातावाने बोलायचे, आणि आई भात वाढायला घ्यायची.

गोदाम म्हणजे खरंच गोदाम. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. देवळं, मशिदी, गिरजे सगळे मागाहून. कामगारांच्या कॅम्प-एकमध्ये आमच्या मागच्या गल्लीत सिमेंट साठवायची एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती, ती कुणा साहेबाच्या मेहेरबानीने रविवारपुरती आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींना मिळाली होती. कितीही झाडलं तरी तिथल्या जमिनीतून सिमेंट निघायचंच. प्रार्थनेला गुडघे टेकले की लुगड्यांवर आणि पँटींवर राखाडी गोल उमटायचे, आणि दुपारी बाजारात कुणाच्या गुडघ्यावर तो गोल दिसला की समजायचं, हा आपल्यातला. बाबा आधी दुर्गला रेल्वेत शंटिंगवर होते, मग कारखान्याच्या आतल्या लाइनीवर आले. आमचं घर अर्ध्या विटांचं, वर पत्रा. दिवसभर कुठेतरी जमिनीत खांब ठोकायचं काम चालू असायचं. त्या धप्प धप्प आवाजाने फळीवरची भांडी पुढे सरकत यायची आणि आई ती जाता येता मागे ढकलायची. "हे काय घर होय बाप्पा? गाडीतच बसून राहिलो आपण," असं म्हणायची. तिला इथे काहीच पटायचं नाही. चांगली ज्वारी मिळत नाही, पाण्याला लोखंडाचा वास येतो, माणसं कुठून कुठून आलेली. पण बाजारातल्या बायांकडून लाखोळीची भाजी करायला मात्र ती शिकली, आणि लसणाची फोडणी देऊन अशी करायची की तिची चव अजून माझ्या तोंडात आहे.

आपल्या माहेरच्या आणि सासरच्या घराण्याविषयी आईला फार अभिमान. खापरपणजोबा कुणबी होते, चांगले जमीनजुमल्याचे होते, ते ख्रिस्ती झाले तेव्हा गाव हळहळलं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आपण ख्रिस्ती, आपल्यात जात नाही, हेही तितकंच पाठ होतं. ही दोन वाक्यं एकाच तोंडातून एकामागून एक निघतात, यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही.

मंडळी बहुतेक नागपूर, वर्धा, गोंदियाकडची. फिटर, वेल्डर, रेल्वेवाले, एक कंपाउंडर. आणि रूतबाई. रूतबाई मूळची गोंदियाकडची, लग्न होऊन इकडे छत्तीसगडात आलेली. नवरा वारल्यावर कॅम्पात एकटी राहायची. आमच्या ओळीचे सामायिक संडास ती साफ करायची. उंच, काटक, तोंडाने फटकळ. दातांना गुडाखू, म्हणजे गूळ-तंबाखूचा काळा लगदा, घासत गल्लीतून जायची आणि संडासात कुणी पाणी टाकलेलं नसलं की घराघरासमोर उभी राहून उद्धार करायची. रविवारी मात्र धुतलेलं हिरवं लुगडं नेसून गोदामात यायची आणि दाराशी, शेवटच्या सतरंजीच्याही मागे, एक पोतं अंथरून बसायची. गीत गाताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर आणि सुराच्या बाहेर. मला हसू आवरायचं नाही. आम्ही तिला "सलाम, रूतबाई" म्हणायचो, तीही सलाम म्हणायची. मला ती इकडच्या बायांसारखं नोनी, म्हणजे पोरी, म्हणायची. शेजारच्या सोवळ्याच्या बाई ती गल्लीतून गेली की उंबऱ्यावर पाणी शिंपडायच्या. आम्ही तिला सलाम करतो, या गोष्टीचा मला केवढा गर्व होता, आता सांगतानाही लाज वाटते.

महिन्यातून एकदा दुर्गहून पाळकसाहेब सायकल हाणत येत, तेव्हा प्रभुभोजन असायचं. त्यासाठीचा द्राक्षरस आमच्या घरचा. आई आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायची, हाताने कुस्करून फडक्यातून गाळायची, उकळायची; सगळ्या घराला गोड वास यायचा आणि मला बोटभरसुद्धा चाखू द्यायची नाही. पाळकसाहेब सकाळी आधी आमच्याकडे चहा घेत आणि रसाची बाटली घेऊन गोदामात जात. प्याला एकच होता, पितळेचा, आतून कलई केलेला. भाकर वाटून झाली की तो पहिल्या सतरंजीवरून निघायचा. ज्याने त्याने एक घोट घ्यायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा. असा हातोहात मागे जात तो सगळ्यात शेवटी रूतबाईपाशी पोचायचा. ती घोट घेऊन उठायची, मधल्या वाटेने चालत यायची आणि प्याला पाळकसाहेबांच्या हातात द्यायची. तळाला उरलेलं ते स्वतः पिऊन टाकायचे. आम्ही तेव्हा डोळे मिटून असायचो.

मी अजून प्याल्याला बसत नव्हते. वयात आलेल्या मुलामुलींनी पाळकसाहेबांपुढे विश्वासाची कबुली दिली की मगच त्यांना प्याला मिळायचा. पण शास्त्र वाचायचं काम माझ्याकडे होतं. माझा आवाज स्वच्छ होता, शब्द तुटायचे नाहीत, आणि कुठे चढायचं, कुठे थांबायचं हे मला कुणी न शिकवता यायचं. मी वाचू लागले की लहान पोरंसुद्धा गप्प बसायची. घरीही रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मीच वाचायचे. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे. पाळीभर इंजिनांच्या गोंगाटात राहिलेला माणूस, त्यांना माझा आवाज आवडायचा. मला वाटायचं, माझ्याइतकं शास्त्र कुणाला कळत नसेल. खरं तर मला फक्त ते वाचता येत होतं.

माझी कबुली झाली त्या महिन्यातली गोष्ट. येत्या प्रभुभोजनाला मी पहिल्यांदा प्याला घेणार होते, आणि पाळकसाहेबांनी त्या दिवशीचा पाठही मलाच दिला. मत्तयाचा तेविसावा अध्याय. येशू शास्त्री आणि परूशी लोकांवर कडाडतो तो. मी तो आठवडाभर घोटला. चुलीपुढे वाचला, विहिरीवर वाचला. लोकांनी पाहावं म्हणून धर्म करणारे परूशी म्हणजे कोण, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. सोवळ्याच्या बाई तर होत्याच. लांबलचक प्रार्थना म्हणणारा आमचा कंपाउंडरही होता. तो प्रार्थनेला उभा राहिला की भात करपतो असं आई म्हणायची. "ढोंग्यांनो" हा शब्द त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी तो निराळ्या माणसाला कसा मारायचा याची मी तालीम करत होते. आई हसत म्हणाली, "हळू व पोट्टी, पत्रे उडतीन."

रविवारी पाळकसाहेब आले, चहा घेतला, बाटली घेऊन पुढे गेले. बाबांचा पत्ता नव्हता. मागाहून कळलं, आतल्या लाइनीवर एक वॅगन रुळावरून उतरली होती आणि ती चढवल्याशिवाय पाळी सुटली नाही. "बापाशिवाय पोरीचा पहिला प्याला कसा होईन?" म्हणून आई थांबली, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दारात जायची, आत यायची. पदराने कपाळ पुसायची. "सरू, तू पुढं जाऊन जागा धर," म्हणाली आणि लगेच, "नाई, नको, एकटी नको जाऊ." बाबा आले ते काळेमिट्ट, त्यांनी हातपाय धुतले आणि ओल्या हातानेच सदरा चढवला. आम्ही पोचलो तेव्हा दुसरं गीत चाललं होतं. दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली बरीच मंडळी त्या दिवशी आली होती. पहिली सतरंजी भरली होती, मधलीही भरली होती. आम्हाला पाहून दाराशी बसलेली रूतबाई आपलं पोतं सरकवून, भिंतीला चिकटून म्हणाली, "या ना व, या. बसा इथी. जागाच जागा आहे."

आई उंबऱ्यावरच थांबली. तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. बाबांना हळूच म्हणाली, "सरूचं अंग तापल्यासारखं लागून राहिलं. चला, घरी जाऊ. पुढच्या महिन्यात घेईन ते प्याला."

"कावून?" बाबा म्हणाले. "चांगली तं आहे पोट्टी."

"अवो, तुमाले समजत कसं नाही?" आईने डोळ्यांनीच रूतबाईकडे खूण केली. "तिच्या मागून?"

एवढंच बोलली ती. दोन शब्द. पण माझ्या डोक्यात आजवरचे सगळे रविवार एकदम उघडे पडले. तेल, वेणी, निखाऱ्यावरचं वरण, लवकर चाल, पुढची जागा. आम्ही देवासाठी लवकर येत नव्हतो. आम्हाला प्याला उष्टा व्हायच्या आत हवा होता, आणि मुख्य म्हणजे तो रूतबाईच्या कितीतरी आधी हवा होता. आईला दोष द्यायला मी मोकळी नाही. त्या क्षणी मला आईचा राग आला नाही, हे मी स्पष्ट लिहून ठेवते. मला आठवतं ते असं, की मी रूतबाईच्या गुडाखूने काळ्या पडलेल्या दातांकडे पाहिलं आणि माझे ओठ आपोआप घट्ट मिटले.

बाबा आत जाऊन बसले, म्हणून आम्हीही बसलो. भिंतीकडून रूतबाई, तिच्या शेजारी मी, मग आई, मग बाबा; प्याला त्या भिंतीकडूनच मागे यायचा. गीत संपलं आणि पाळकसाहेबांनी मला पाठ वाचायला बोलावलं. मी मधल्या वाटेने पुढे गेले, पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. आवाज नेहमीसारखाच लागला. लोकांना दिसावं म्हणून हे लोक सगळं करतात, इथवर मी आले. पुढच्या ओळीत येतं की त्यांना सभास्थानात पुढची आसनं प्रिय असतात. ती ओळ मी आठवडाभर शंभरदा म्हटली असेल, आणि एकदाही मला सतरंजी दिसली नव्हती. आता ती माझ्या पायाशीच होती. तिच्यावर दुर्गची परकी माणसं बसली होती. माझी जीभ अडखळली. मी पुढे वाचत गेले. थोड्या ओळींनी प्याल्याचं येतं, तुम्ही प्याला बाहेरून घासता आणि आत मात्र घाण तशीच. टेबलावर आमच्या मनुकांच्या रसाने भरलेला प्याला झाकून ठेवला होता. जे बाण मी सोवळ्याच्या बाईंसाठी आणि कंपाउंडरसाठी पाजळून ठेवले होते ते सगळे माझ्याच अंगात घुसत होते, आणि माझा आवाज मात्र स्वच्छ निघत होता. पाठ संपला तेव्हा कुणीतरी "आमेन" म्हणालं, मोठ्याने, मन भरून.

एवढं कळलं म्हणजे माणूस बदलतो, असं लोक समजतात. मीही समजत होते. मी परत येऊन रूतबाईच्या शेजारी बसले, डोळे भरले होते, आणि मनाशी म्हणाले, आता मी हिच्या हातून प्याला घेईन आणि आनंदाने पिईन. भाकर झाली. प्याला मागे मागे येत होता. तो दोन ओळींवर आला तेव्हा आईला खोकला आला. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली आणि परत आली नाही. रूतबाईने घोट घेतला. तिने प्याला दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केला, आणि एरवी सदा वाकडं असणारं तिचं तोंड त्या वेळी इतकं मऊ झालं होतं की ती मला ओळखूच येईना. मी प्याला घेतला. उचलला. डोळे मिटले, मान मागे केली, घसा हलवला. ओठ मात्र काठाला लागू दिले नाहीत. मग मी तो बाबांकडे दिला आणि बाबांनी शांतपणे घोट घेतला, मिशी पुसली, आणि आज शेवटचे तेच असल्याने उठून पाळकसाहेबांना नेऊन दिला.

उपासना संपल्यावर मी दाराशी चपला शोधत होते. रूतबाई पोतं घडी करत होती. माझ्याकडे वर न बघता, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "नोनी, तुह्ये ओठ तं कोरडेच आहेत."

त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी सकाळी तिचा खराट्याचा आवाज ऐकू आला तशी मी घरात दडून बसले. मंगळवारी तसंच. माझं काय चाललंय ते बाबांना कळत होतं, कारण संध्याकाळच्या प्रार्थनेत माझा आवाज बसला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. आई चुलीपाशी पाठमोरी होती, तिने ऐकलं, वळून पाहिलं नाही. मी म्हणाले, "बाबा, मी मंडळीपुढं साक्ष देते. सगळ्यांपुढं कबूल करते." आमच्यात ती रीत आहे, ज्याला देवाने काही दाखवलं त्याने उभं राहून साक्ष द्यावी.

बाबा पायाचा अंगठा चोळत होते. "जिचा गुन्हा केला तिले जाऊन सांग ना व," म्हणाले. "मंडळीचं काय काम त्यात?"

"पण शास्त्रात..." मी म्हणाले.

"तुले शास्त्र जास्त समजते," बाबा म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. ते रागाने बोलले नव्हते. पण तिच्या झोपडीच्या दारात एकटीने उभं राहायची माझी हिंमत नव्हती. मंडळीपुढे बोलायचं सोपं वाटत होतं.

आणि सोपंच गेलं. पुढच्या रविवारी मी उभी राहिले. काय सुंदर बोलले मी! पुढची सतरंजी, न पिता पुढे दिलेला प्याला, कोरडे ओठ, सगळं सांगितलं. आईचं नाव घेतलं नाही, तेवढी अक्कल होती. रूतबाईचं घेतलं. मी रडले, आणि योग्य जागी रडले. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. कंपाउंडर उठून म्हणाला की या लेकराने आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले, आणि एक लांबलचक प्रार्थना झाली. ती चालू असताना मी डोळे किलकिले करून पाहिलं. अर्धी मंडळी मान वळवून मागे, दाराकडे पाहत होती. रूतबाईने पदर कपाळावरून पार नाकापर्यंत ओढला होता आणि ती खाली सिमेंटवर बोटाने काहीतरी पुसत होती. बाहेर पडताना एकेक बाई मला जवळ घ्यायची, पाठीवरून हात फिरवायची. मला फार हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं.

त्यानंतर जे झालं ते मला कधी सुचलंही नव्हतं. माझ्या साक्षीने लोकांची तोंडं उघडली. इतके दिवस जे मनात होतं आणि बोलायची सोय नव्हती, ते आता आडून आडून बोलता येऊ लागलं. एकीला तिच्या लेकराच्या खोकल्याची काळजी वाटायला लागली. एकाने सांगितलं की मोठ्या गावात आता एक प्याला ठेवतच नाहीत, रोगराई पसरते. कंपाउंडरने मान डोलावली. आरोग्याच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणाला. पाळकसाहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मला तर आजवर काही झालं नाही; पण सगळ्यांची मर्जी असेल तर मी कोण नाही म्हणणार. आणि पुढच्या प्रभुभोजनाला टेबलावर एक परात होती आणि तिच्यात औषध प्यायचे असतात तसे छोटे छोटे काचेचे ग्लास. ज्याचा त्याचा निराळा. कंपाउंडर परात घेऊन सगळ्यांपुढून फिरला. आई त्या दिवशी सावकाश निघाली, मधल्या सतरंजीवर जागा मिळाली तिथे बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी स्वस्थता मी कधी पाहिली नव्हती. सगळेच खूश होते. रूतबाई आली नव्हती. तिच्यासाठी भरलेला ग्लास परातीत तसाच राहिला.

ती त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही. तिचा खराटा मात्र रोज वाजायचा. एका संध्याकाळी प्रार्थनेला पुस्तक माझ्यापुढे आलं. बाबांनी लूक काढून दिला होता, दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात तो भाग. परूशी उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, आणि जकातदार लांब उभा राहून, वर न बघता छाती बडवतो. इतके दिवस मी स्वतःला जकातदारात धरत होते. मी नाही का छाती बडवली? वाचता वाचता थांबले. जकातदार लांब उभा होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. त्याला कुणी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला नव्हता. मी छाती बडवली ती मधोमध उभी राहून, सगळ्यांना नीट दिसेल अशी. रूतबाईच्या मानेवर पाय देऊन मी माझी नम्रता मंडळीला दाखवली होती. पुढची सतरंजी मी सोडलीच नव्हती.

"कावून थांबली व?" आईने विचारलं. मी पुस्तक मिटून बाबांकडे दिलं. ते उरलेलं वाचू लागले, अडखळत, एकेक अक्षर लावत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. कॅम्पाच्या कडेला, नाल्याच्या अलीकडे तिची झोपडी होती. सारवलेलं अंगण आमच्यापेक्षा चोख. रूतबाई दारात बसून बासी खात होती. रात्रीचा भात पाण्यात घातलेला, सोबत कांदा आणि टमाट्याची चटणी. मला पाहून तिने खाणं थांबवलं नाही. मी उभीच राहिले. इतकं सुरेख बोलणारी मी, एक वाक्य जुळेना.

"गोदामात तं मस्त रडली व तू," ती म्हणाली. "आता इथी बी रडतं का?"

"माझं चुकलं, रूतबाई."

"मालूम आहे ना मले. त्याच दिवशी मालूम होतं. तुले बी होतं, मले बी होतं. दोघीतच होतं ते." तिने कांदा हाताने फोडला. "आता साऱ्याईले मालूम आहे. आता मी आली तं माणसं माह्या तोंडाकडं पाह्यतीन, मंग त्या ग्लासाकडं पाह्यतीन."

"ग्लासाचं मी नाही सांगितलं," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं असं होईल."

"तू नाही सांगितलं, खरं आहे." मग ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहत बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हप्ताभर माह्या हातातून कोणी काही घेत नाही, नोनी. भाकर बी देतात तं वरून टाकतात. महिन्यातून एक डाव तो प्याला माह्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता. पाळकसाहेब घेत होते. तेवढ्यासाठी मी येत होती. गाणं बिणं मले कुठं येते? त्या दिवशी वाटलं, पोट्टीचा पयला प्याला, अन् माह्या हातून जाऊन राहिला."

ती पुन्हा कांद्याकडे वळली. मी रडले नाही. रडायचा माझा अधिकार संपलेला आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं. मी तिच्यासमोर खाली बसले. नाल्यापलीकडे कारखान्याची गाडी डबे आपटत गेली. मग तिने भाताची पितळी उचलली आणि माझ्यापुढे धरली, प्याला धरला होता तशीच, दोन्ही हातांनी. भात तिच्याच बोटांनी कालवलेला होता.

मी हात धुतला नाही, प्रार्थना केली नाही. घेतलं आणि खाल्लं. चटणी जहाल तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचंच होतं. तिने परत घेतली, एक घास खाल्ला, पुन्हा मला दिली. असं करत आम्ही ती पितळी संपवली. आंबूस पाणी शेवटी उरलं ते तिने मला प्यायला लावलं.

मी निघाले तेव्हा ती भांडं घासायला बसली होती. पाठीमागून तिचा नेहमीचा फटकळ आवाज आला. "ए नोनी. हे कोनाले सांगजो नको. गोदामात तं मुळीच नको."

रूतबाई पुन्हा उपासनेला आली नाही. पुढे गिरजा बांधला गेला, बाकं आली, ग्लास मात्र आजही तेच छोटे, निरनिराळे. मी बासी खायला तिच्याकडे जात राहिले, ती असेपर्यंत. आईला सांगितलं नाही, बाबांना नाही, पुढे नवऱ्याला आणि मुलांनाही नाही. शास्त्र वाचायला मला अनेकदा बोलावणं आलं, मी घसा बसला आहे असं सांगत आले. तिचं ते सांगणं मी उभा जन्म पाळलं, आणि आज इथे लिहून ते मोडलं. हे लिहिताना मी बरं केलं की पुन्हा तेच केलं, हे मला खरंच कळत नाही, आणि जिला विचारावं ती आता नाही.